नाण्यावरचं साल

छाप्याच्या बाजूला खडकावर बसलेली स्त्री. अंगावर पायघोळ वस्त्र, उजवा हात ढालीवर टेकलेला, डाव्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला स्वातंत्र्याची टोपी. ती बसली आहे त्या आसनावर, भिंगाशिवाय धड वाचता येणार नाहीत अशी खोलगट अक्षरं आहेत: सी. गोब्रेख्त एफ. शेवटचा ‘एफ’ लॅटिनमधला, अर्थ ‘याने घडवलं’. त्याखाली साल, १८३६. नाणं उलटवलं की पंख पसरून झेपावणारा गरुड आणि त्याच्या भोवती २६ तारे, १३ मोठे आणि १३ लहान. कडेवरून बोट फिरवलं तर दाते लागत नाहीत, कड गुळगुळीत आहे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा हा चांदीचा डॉलर. संग्राहक त्याला गोब्रेख्त डॉलर म्हणतात. त्यावर १८३६ लिहिलेलं असलं तरी तो डिसेंबर १८३६ मध्ये पाडलेला असेल, मार्च १८३७ मध्ये पाडलेला असेल किंवा त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, जुने ठसे, म्हणजे नाणं पाडायचे पोलादी साचे, पुन्हा बाहेर काढून पाडलेला असेल. तिन्ही नाणी त्याच टांकसाळीतली, तिन्ही चांदीची. बनावट त्यातलं एकही नाही. तरीही तिघांचं मोल वेगळं आहे, कारण तिघं वेगवेगळ्या कारणांसाठी जन्माला आली.

प्रायोगिक नाणी जमवणाऱ्याचं निम्मं आयुष्य या एका प्रश्नात जातं: हे पाडलं कधी? दुर्मिळता सूचीत सापडते, भाव जुन्या लिलावांत सापडतो. पाडल्याची खरी वेळ मात्र नाण्यालाच विचारावी लागते, आणि नाणं सांगतंही. फक्त विचारायचं कसं ते माहीत हवं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. नव्या नाण्याचा आराखडा वरिष्ठांपुढे ठेवण्यासाठी जे पाडतात ते पॅटर्न. ठसा नीट उतरतो का, अक्षरं भरतात का, हे तपासायला पाडलेलं ते चाचणी नाणं. ते बहुधा दुसऱ्याच धातूत असतं, कधी एकाच बाजूचं असतं. आणि मूळ प्रसंग सरून गेल्यावर त्याच ठशांतून, किंवा त्यांतल्या एकाला भलताच जोडीदार देऊन, पुन्हा पाडलेलं ते रिस्ट्राइक. बाजारात हे तिन्ही शब्द सैल वापरतात आणि विकणाऱ्याला त्यातला सर्वांत भारदस्त शब्द आवडतो. म्हणून विक्रीच्या वर्णनातला शब्द सोडून द्यावा आणि नाणं बघावं.

चाचणीचा सर्वांत नाजूक नमुना म्हणजे कथलाच्या किंवा शिशाच्या पातळ पत्र्यावर घेतलेला एकाच बाजूचा ठसा. ठसा कोरून झाला, पण पाणी देऊन कडक करायचा राहिला, अशा वेळी तो चांदीवर मारला तर दबायची भीती असते. मऊ धातू हलक्या दाबातही सगळी बारीक रेष उचलतो आणि ठशाला इजा होत नाही. हे पत्रे इतके पातळ की मागे कागद चिकटवून ठेवत. आज असा नमुना हाती आला तर कागद सोडवू नये, घड्या सरळ करू नयेत, तसाच ठेवावा. जुना कागद हाही पुरावाच आहे.

त्यानंतरची पायरी तांब्याची. तांबं स्वस्त, कथलाशिशापेक्षा पुष्कळ कठीण, म्हणजे ठशाची खरी परीक्षा घेणारं. अमेरिकेच्या पहिल्या डॉलरच्या वेळी तांब्याला आणखी एक सोय होती. २ एप्रिल १७९२ च्या कायद्यानं डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) शुद्ध चांदी आणि एकूण ४१६ ग्रेन वजन ठरवलं. पण सोन्याचांदीला हात लावण्याआधी टांकसाळीतल्या मुख्य अधिकाऱ्यांनी प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यावा अशीही अट होती. तेवढा जामीन त्यांना उभा करता येईना. १७९४ मध्ये काँग्रेसनं ती रक्कम उतरवली तेव्हा कुठे चांदीचं काम सुरू झालं. त्या वर्षीच्या डॉलरचे तांब्यातले दोन नमुने आज ज्ञात आहेत, एक छाप्यावर तारे नसलेला आणि एक तारे असलेला. प्रत्येकाचा एकच नग. तारे नसलेल्या नमुन्याकडे पाहताना आराखडा कारागिराच्या डोक्यात अजून पुरा व्हायचा होता हे डोळ्यांना दिसतं, आणि या छंदात याहून मोठं सुख मला तरी ठाऊक नाही.

१५ ऑक्टोबर १७९४ रोजी पहिले चांदीचे डॉलर पडले. २,००० पाडले, त्यातले १,७५८ चालवण्याजोगे निघाले. बाकीचे का फसले हे चांगल्या निघालेल्या नाण्यांवरूनही कळतं. हाताशी असलेलं दाबयंत्र डॉलरएवढ्या रुंद चकतीसाठी नव्हतंच, लहान नाण्यांसाठी होतं. शिवाय वरचा आणि खालचा ठसा एकमेकांना तंतोतंत समांतर बसले नाहीत. म्हणून डावीकडचे तारे आणि सालाचा भाग फिकट उतरला, उजवी बाजू ठसठशीत आली. काट्याच्या बाजूलाही त्याच जागेच्या पाठीमागे अक्षरं अशक्त आहेत. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाणं झिजतं तेव्हा आधी उंच भाग झिजतात, नाणं अर्धवट पडतं तेव्हा समोरासमोरच्या जागा एकदम फिक्या असतात. डावे तारे गेलेत पण केसांच्या बटा शाबूत आहेत, असं दिसलं तर ती झीज नव्हे. मोठं यंत्र १७९५ मध्ये आलं आणि मग हा दोष गेला.

त्या काळच्या नाण्यांवर कानशीच्या रेषाही दिसतात. चकती जड भरली की कारागीर कानशीनं घासून वजन बरोबर करायचा आणि मग पाडायचा. अशा रेषा अक्षरांच्या आणि आकृतीच्या खाली जातात, दाब जिथे भरपूर बसला तिथे पुसल्या जातात आणि धातू पुरता न भरलेल्या उंच जागी उरतात. नंतर कुणी खरवडलेलं असेल तर रेघ आकृतीच्या अंगावरून सलग जाते आणि रेघेच्या दोन्ही काठांना धातू उचललेला असतो. दहापटीचं भिंग आणि एका बाजूनं पडणारा प्रकाश, एवढ्यावर हा फरक कळतो. चकती हलकी भरली तर मधोमध भोक पाडून त्यात चांदीची खिळी ठोकत आणि वरून ठसा मारत, खिळी दाबाखाली सपाट होऊन बसायची. अशी खिळी असलेलं १७९४ चं एक नाणं जानेवारी २०१३ मध्ये १,००,१६,८७५ डॉलरना गेलं. डाग वाटावा अशी ती जागा खरं तर टांकसाळीच्या प्रामाणिकपणाची निशाणी आहे: वजन कमी देणार नाही, वाटल्यास ठिगळ लावू.

आता गोब्रेख्तकडे. १८०४ नंतर अमेरिकेत तीस वर्षं चांदीचा डॉलर पडलाच नव्हता. पाडला की व्यापारी तो परदेशी पाठवत, देशात काही उरत नसे. जुलै १८३५ मध्ये रॉबर्ट पॅटरसन टांकसाळीचे संचालक झाले आणि त्यांनी डॉलर पुन्हा आणायचं मनावर घेतलं. बसलेल्या स्वातंत्र्यदेवीचं चित्र थॉमस सली या चित्रकाराकडून काढून घेतलं, उडत्या गरुडाचं टिशियन पील याच्याकडून. मुख्य कोरीवकार विल्यम क्नीस यांना त्याच ऑगस्टमध्ये पक्षाघात झाला, म्हणून ख्रिश्चन गोब्रेख्तला हाताशी घेतलं. पुढच्या मार्चमध्ये टांकसाळीत वाफेवरचं यंत्रही सुरू झालं.

या चित्रांतून ठसा कोरताना एक अडचण येतेच आणि ती आजही प्रत्येक नाण्याला येते. छाप्यावरचा उंच भाग आणि काट्यावरचा उंच भाग एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आले की दोन्हीकडे भरायला धातू पुरत नाही. गोब्रेख्तच्या नाण्यावर देवीचं डोकं आणि गरुडाची छाती यांकडे म्हणूनच आधी पाहावं. तिथे केसांचे आणि पिसांचे बारकावे मऊ दिसले तर लगेच झीज ठरवू नये. त्या जागी मूळ चमक टिकून असेल तर नाणं तसंच पडलेलं आहे.

गोब्रेख्तनं आधी आपलं नाव आसनाखाली, सालाच्या वर, मोकळ्या जागेत घातलं होतं. ते फार ठळक दिसतं म्हणून मग आसनावर गेलं. गंमत अशी की आसनाखाली नाव असलेली जी नाणी आज माहीत आहेत, ती सगळी पुढच्या काळात पाडलेली आहेत असं अभ्यासक आज मानतात. आराखडा पहिला, नाणी शेवटची. नाव खाली आहे म्हणजे हा आधीचा नग, असं सरळ गणित मांडून कित्येकांनी चढे पैसे मोजलेत.

आसनावर नाव असलेले १,००० डॉलर १८३६ च्या अखेरीस पडले आणि लोकांच्या हाती गेले. त्यांतली पुष्कळ झिजलेली सापडतात, म्हणजे ती खरोखर वापरली गेली. तरीही प्रायोगिक नाण्यांच्या सूचीत त्यांना ‘जड (Judd) क्रमांक ६०’ दिलेला आहे. हा क्रम डॉ. जड यांनी लावला आणि बाजारात तोच चालतो, म्हणून तो पाठ असावा. पण क्रमांक मिळाला म्हणून नाणं पॅटर्न ठरत नाही. माझ्या मते हे १,००० नग चलनी नाणीच आहेत आणि त्यांच्याकडे तसंच पाहिलं पाहिजे. नव्या चित्राची चाचणी लोकांच्याच खिशात झाली.

मार्च १८३७ मध्ये आणखी ६०० पडले, त्याच १८३६ सालाच्या ठशातून. दरम्यान जानेवारी १८३७ मध्ये नवा कायदा आला होता. डॉलरचं वजन ४१६ ग्रेनवरून ४१२.५ ग्रेन झालं आणि कस ०.८९२४ वरून ०.९०० झाला. हिशेब करून पाहा, ४१२.५ चा नऊदशांश म्हणजे बरोबर ३७१.२५. चांदी तेवढीच राहिली, फक्त भेसळीचं तांबं कमी झालं. ग्रॅममध्ये सांगायचं तर आधीचं नाणं २६.९६, नंतरचं २६.७३. फरक ०.२३ ग्रॅम, दोन गुंजांहूनही कमी.

या दोन गुंजांवर किती वाद झाले असतील! वजनाचा पुरावा एकाच बाजूनं चालतो, हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं. कायद्यानं दर नाण्यामागे दीड ग्रेनची, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅमची मुभा होती. त्यामुळे न झिजलेलं नाणं २६.९५ भरलं तर ते नव्या कायद्याखालचं असणं अवघड, तो जुन्या वजनाचा नग. पण २६.७३ भरलं तर? ते नव्या वजनाचं कोरं असेल, किंवा जुन्या वजनाचं, खिशात झिजून पाव ग्रॅम गमावलेलं असेल. झिजलेल्या नाण्याच्या वजनावरून काळ ठरवू नये. तराजू ०.०१ ग्रॅमचा हवा आणि तोलण्याआधी ठरीव वजनानं तपासलेला हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. तराजूवर ऊर्ध्वपातित पाण्याचं काचेचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा, नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून तळाला किंवा काठाला न टेकता पाण्यात अधांतरी धरा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. २६.७३ ग्रॅमचा चांदीचा डॉलर साधारण २.५९ दाखवतो, २६.९६ चा २.६२. सालाच्या आकड्यांत आणि अक्षरांच्या कुशीत हवेचे बुडबुडे अडकतात, तेवढ्यानं उत्तर बिघडतं. म्हणून पाण्यात द्रव साबणाचा एकच थेंब टाकावा आणि नाणं तिरपं बुडवावं. नंतर स्वच्छ ऊर्ध्वपातित पाण्यातून काढून हवेवर वाळवावं, पुसू नये.

या परीक्षेनं ०.८९२ आणि ०.९०० हे दोन कस वेगळे ओळखता येतील असं काही जण लिहितात. ते खरं नाही. दोन्हींची घनता १०.३ च्या आसपास येते, फरक जेमतेम ०.०१ चा, आणि काट्यात ०.०१ ग्रॅमची चूक झाली तरी उत्तर ०.०४ नं हलतं. पाण्याची परीक्षा वेगळ्या कामाची आहे. एकोणिसाव्या शतकात संच पुरा करायला तांब्याच्या चाचणी नाण्यांवर चांदीचा मुलामा चढवत. तसा नग चांदीच्याच जाडीचा असेल तर तो २३ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तराजूवरच पकडला जातो. जाड चकती घेऊन वजन २६.७ पर्यंत नेलं असेल तर पाण्यात काटा २.९८ वर जातो. कथिलाचा नग साधारण १९ ग्रॅम, ॲल्युमिनियमचा जेमतेम ७. आपले सराफ नाणं वाजवून घेत, त्या खणखणाटामागेही धातूचाच गुण होता. पण या नाण्यांना फरशीवर वाजवायचं नाही, कडेवर एक टोचा पडला तरी हजारो डॉलर जातात.

वजनानंतर ठशांची जुळणी. अमेरिकी नाणी कॅलेंडरचं पान वर उलटवावं तशी उलटतात, आपला रुपया पुस्तकाचं पान उलटवावं तसा उलटतो. गोब्रेख्त डॉलर दोन्ही प्रकारे सापडतो, आणि वर गरुड कधी चढत उडतो, कधी आडवा. त्यामुळे चार जुळण्या होतात. पहिली, कॅलेंडरसारखी उलटणारी, गरुड चढता. दुसरी, पुस्तकासारखी, गरुड चढता. तिसरी, कॅलेंडरसारखी, गरुड आडवा. चौथी, पुस्तकासारखी, गरुड आडवा. बरीच वर्षं असं शिकवलं गेलं की पहिली म्हणजे डिसेंबर १८३६, दुसरी आणि चौथी म्हणजे त्यानंतरची मूळ नाणी, आणि तिसरी म्हणजे रिस्ट्राइक. ऐकायला किती सोपं वाटतं.

ठसा यंत्रात पक्का आवळलेला नसला की काम चालू असतानाच फिरतो. या शतकात अभ्यासकांनी पुष्कळ नग शेजारी शेजारी ठेवून ठशांवरच्या ओरखड्यांचा आणि तड्यांचा क्रम लावला, तेव्हा नुसत्या जुळणीवरून तारीख ठरवता येत नाही हे उघड झालं. पोलादी ठसा वापरत गेलो की त्याला तडा जातो. नाण्यावर तो तडा उंच, केसासारख्या रेषेनं उमटतो. तडा वाढतो, मागे कधी जात नाही. ज्या नगावर तडा नाही तो आधीचा, ज्यावर अक्षरांच्या शेंड्यांतून तडा सरळ निघून गेलाय तो नंतरचा. उशिरा पाडलेल्या बऱ्याच नगांवर काट्याच्या बाजूला अशीच रेषा अक्षरांच्या माथ्यांवरून धावते. जुळणी पाहावी, पण साक्ष तड्याची घ्यावी.

नाणं प्लॅस्टिकच्या बंद स्लॅबमध्ये असेल तर जुळणी फसवते, कारण आत बसवताना ते थोडं फिरलेलं असू शकतं. दोन्ही बाजूंचे सरळ फोटो घ्या, छाप्यावर साल बरोबर तळाला येईल इतका पहिला फोटो फिरवा, तेवढ्याच अंशांनी दुसराही उलट दिशेनं फिरवा आणि मग गरुडाकडे बघा. स्लॅबचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या आणि स्लॅबमध्ये बंद करणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवायचा, हे तर पहिल्या मिनिटाला करायचं काम. स्लॅबही बनावट निघतात, खरे क्रमांक चोरलेले असतात. क्रमांक जुळला म्हणून थांबू नये, फोटोतला एखादा ठिपका किंवा डाग हातातल्या नाण्यावर सापडेपर्यंत शोधावं.

१८३८ मध्ये तारे काट्यावरून छाप्यावर आले, काटा मोकळा झाला आणि कड दातेरी झाली. १८३९ मध्ये याच तऱ्हेचे ३०० पडले. १८४० पासून बसलेली देवी राहिली, उडता गरुड मात्र गेला, त्याच्या जागी जुनाच ढालवाला गरुड आला. १८३८ आणि १८३९ चे काही नग गुळगुळीत कडेचे सापडतात, ते नंतरचे. म्हणून या दोन सालांत आधी कड बघायची. स्लॅबमध्ये कड झाकलेली असेल तर लेबलवरच्या क्रमांकावर अवलंबून राहण्यापेक्षा कडेचे फोटो मागावेत.

हे रिस्ट्राइक आले कुठून? १८५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नाणी जमवण्याची लाट आली. टांकसाळीचे संचालक जेम्स रॉस स्नोडन यांना वॉशिंग्टनची पदकं जमवण्याचा ध्यास होता. संग्राहकांना हवी असलेली जुनी नाणी पुन्हा पाडून द्यायची आणि बदल्यात टांकसाळीच्या संग्रहासाठी पदकं घ्यायची, असा व्यवहार चालला. पुढच्या काळातही तो वेगवेगळ्या हातांनी चालत राहिला. जुने ठसे कपाटात होतेच. छाप्याचा एक, काट्याचा भलताच दुसरा, धातू तांबं, असे कधी कुणी विचारही न केलेले जोड तयार झाले. मला यांच्याबद्दल राग नाही, ती त्या काळची खरी नाणी आहेत. पण त्यांना ‘१८३६ चा प्रयोग’ म्हणून विकलं की माझा आक्षेप आहे. तो १८५८ चा छंद आहे, आणि तशा नावानंही तो पुरेसा मोलाचा आहे.

यातलं सर्वांत नावाजलेलं नाणं १८०४ चा डॉलर. नोव्हेंबर १८३४ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला नजराणा द्यायला देशातल्या सगळ्या नाण्यांचे संच मागवले. नोंदींत १८०४ मध्ये डॉलर पाडल्याचं दिसत होतं, पण ती नाणी आधीच्या सालाच्या ठशांतून पडली होती. टांकसाळीनं १८०४ सालाचे ठसे नव्यानं बनवले आणि तीस वर्षांपूर्वीचं नाणं पहिल्यांदाच जन्माला आलं. हे संच घेऊन एडमंड रॉबर्ट्स ‘पीकॉक’ जहाजावरून निघाला. वाटेत मसिरा बेटाजवळ जहाज खडकांवर लागलं, मस्कतचा नजराणा पोचवून झाल्यावर १८३५ च्या अखेरीस ते दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आलं. सयामचा पिवळ्या पेटीतला संच तेव्हा रॉबर्ट्सबरोबरच होता. पुढे जगातल्या सर्वांत महाग नाण्यांपैकी एक ठरलेलं हे नाणं काही आठवडे मुंबईच्या बंदरात होतं, आणि शहरात कुणाला त्याची खबर असण्याचं कारण नव्हतं. तेव्हाच्या या नाण्यांना संग्राहक १८०४ च्या डॉलरचा पहिला वर्ग म्हणतात, आणि त्याचे आज आठ नग ज्ञात आहेत.

मुंबईचा डॉलरशी आणखी जवळचा संबंध आहे. १८९३ मध्ये भारतातल्या टांकसाळींत चांदी देऊन रुपये पाडून घ्यायची लोकांची मुभा बंद झाली आणि मुंबईच्या टांकसाळीत यंत्रं रिकामी पडली. १८९५ पासून तिथे पूर्वेच्या व्यापारासाठी ब्रिटिश डॉलर पडू लागले: वजन ४१६ ग्रेन, कस ०.९००, एका बाजूला उभी ब्रिटानिया, तिच्या त्रिशुळाच्या मधल्या टोकावर इंग्रजी ‘बी’ अक्षर, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलाय लिपींत ‘एक डॉलर’. आपल्याकडच्या संग्राहकाला हा मुंबईचा डॉलर हाती येणं तुलनेनं सोपं आहे. पण त्याचे आरशासारखे चकचकीत प्रूफ नग दिसले की सावध व्हावं. मुंबईच्या टांकसाळीनं संग्राहकांसाठी जुन्या ठशांतून प्रूफ पुन्हा पाडून दिले, रुपयांचेही आणि डॉलरचेही. फिलाडेल्फियाचाच प्रश्न, आपल्या दारात. ठशावरचा गंज इथे साक्ष देतो: वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पोलादाला बारीक खड्डे पडतात, नाण्यावर ते उठावाचे दाणे म्हणून येतात. आरशासारख्या मोकळ्या जागेत उंच दाणे दिसले तर ठसा बराच काळ पडून होता असं समजावं. खळगे दिसले तर ते नाण्यालाच झालेली इजा.

बनावट नगांत दोन जाती मुख्य. जुने विजेच्या प्रक्रियेनं बनवलेले नमुने, तांब्याचे दोन पातळ पापुद्रे जोडून आत शिसं भरलेलं. त्यांची कड भिंगाखाली फिरवली की सांध्याची रेष सापडतेच, आणि आवाज बद्द येतो. आणि आजचे कारखानी नग, ज्यांचं वजन चुकतं, पार्श्वभूमीवर बुडबुड्यांसारखे दाणे येतात, आकड्यांचे कोपरे गोल होतात. याशिवाय खऱ्या नाण्यांची केलेली डागडुजी. गोब्रेख्त डॉलर पूर्वी दागिन्यांत बसवले गेलेत. वरच्या कडेला डाखाची खूण, कानशीचा घाव, बुजवलेलं भोक, ताऱ्यांमधली अनैसर्गिक गुळगुळीत जागा, हे सगळं शोधून मगच दराची भाषा काढावी.

मालकीची साखळी शक्य तितकी मागे न्यावी. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी जोडलेल्या न्यूमन नाणे संकेतस्थळावर शतकभरापूर्वीच्या लिलावांच्या छापील सूची फुकट वाचता येतात. जुन्या छायाचित्रातला एखादा ओरखडा, कडेवरची एखादी टोच आजच्या नाण्यावर जुळली की त्याचा प्रवास हाती लागतो. हे काम रात्री जागवतं, पण अशा एका जुळणीची सर कुठल्याही प्रमाणपत्राला नाही.

सांभाळण्याबद्दल थोडं. मऊ पारदर्शक पिशव्यांत पीव्हीसी असतं, त्यातून सुटणारं तेलकट हिरवं द्रव्य चांदी आणि तांबं दोन्ही खातं. असं हिरवं दिसलं तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन त्यात दहा मिनिटं ठेवा, ओतून द्या, ताजं घेऊन पुन्हा एकदा तसंच करा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि वास असतो. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको, आणि कापसानं चोळणं अजिबात नको. चांदी काळी पडली म्हणून आम्लाच्या बाटलीत बुडवू नये, तो काळेपणा जाताना वरचा पापुद्राही नेतो आणि आरसा कायमचा मंद होतो. आपल्याकडे चिंचेनं नाही तर राखेनं घासून लख्ख केलेली कितीतरी जुनी नाणी बाजारात येतात, त्यांना परत काही करता येत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तांब्याचे नग सर्वांत आधी बिघडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की तापवून परत वापरा. रबर, लोकर आणि साधा पुठ्ठा त्या डब्यात नको, त्यांतल्या गंधकानं चांदी काळवंडते.

परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. संग्रह गावी आणून ठेवायचा विचार असेल तर तो कायमचाच इथे राहील हे गृहीत धरून आणावा.

आणि शेवटी परत १८०४ कडे. पहिल्या वर्गाच्या आठांनंतर, १८५८ च्या सुमारास टांकसाळीतल्याच कुणीतरी आणखी काही पाडले आणि बाहेर विकले. बोभाटा झाल्यावर ते परत मिळवले गेले. त्या दुसऱ्या वर्गाचा एकच नग उरला आहे, तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये. पाडणाऱ्याला कोरी चकती मिळाली नसावी, त्यानं एक तयार नाणं यंत्राखाली घातलं. गुळगुळीत कड आहे आणि आकृतीच्या मागे, दाब पुरता न पोचलेल्या जागी, दुसऱ्या नाण्याच्या रेषा उरल्या आहेत. तो स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या नेमबाजी महोत्सवाचा डॉलरएवढा चांदीचा तुकडा. महोत्सव होता १८५७ चा.